गोदामातला बहावा

बी.एस्सी. झाल्यावर बरेच दिवस मी नशिराबादला घरी बसून होते. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवणारी आमच्या बौद्धवाड्यातली मी पहिलीच. आधी कौतुक झालं. मग त्याच कौतुकाची चौकशी झाली. "लागली का कुठे?" असं बायका विहिरीवर विचारायच्या, आणि मी नाही म्हटलं की त्या घागर उचलून हळूच एकमेकींकडे बघायच्या.

शाळांमधल्या मुलाखती मी दिल्या होत्या. एकीत आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातला कोणता भाग. तिथून पुढे वनस्पतींबद्दल कुणी काही विचारलंच नाही. समितीतले एक गृहस्थ खिडकीबाहेर बघत कान कोरत होते. "कळवू" म्हणाले. बाहेर आले तेव्हा हातातली फाइल मी इतकी आवळली होती की तिचा पुठ्ठा वाकला होता. त्या वयात राग आला की माझे कान गरम व्हायचे. अजूनही होतात.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते रस्ता खात्याच्या गँगमध्ये होते. खड्डे बुजवायचे, डांबर टाकायचं, पावसाळ्यात मोऱ्या मोकळ्या करायच्या. त्यांना कुणीतरी सांगितलं की एरंडोलजवळ सरकारी रोपवाटिका आहे आणि तिथं बियाण्याचं काम सांभाळायला शिकलेलं माणूस हवंय. रोजंदारीवर. आबांनी ते मला सांगितलं, पण सांगताना चेहरा असा केला की मी नाहीच म्हणावं.

"तुला शिकवलं ते खुरपं धरायला का?" ते म्हणाले.

"घरी बसून तर खुरपंही धरता येत नाही," मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. धरली.

रोपवाटिका एरंडोलच्या बाहेर, पद्मालयाकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. एक विहीर, तिच्याजवळ जाड मातीच्या भिंतींची इंजिनाची खोली, काळ्या पिशव्यांचे वाफे आणि पत्र्याचं एक गोदाम. मी गावात खोली घेतली आणि रोज पायी जायचे. मजूर सगळ्या बायकाच होत्या. त्यांची मुकादम होती तिला सगळे अक्का म्हणायचे. चाळिशीची, नवऱ्यानं सोडलेली, तोंडानं फटकळ, आणि हाताला अशी चपळ की ती पिशवी भरताना माती सांडलेली मी कधी पाहिली नाही. पहिल्या दिवशी तिनं माझ्यासाठी एक नवा माठ आणला. बाकीच्यांचा माठ लिंबाखाली होता. माझा तिनं गोदामाच्या दाराशी ठेवला.

"हाऊ तुना," ती म्हणाली, अगदी प्रेमानं दिल्यासारखी.

मला कळायला क्षणभर वेळ लागला. तिला माझं आडनाव आधीच समजलं होतं. मी तहान लागली की त्याच माठातलं पाणी प्यायचे.

काम काय, तर गोदाम सांभाळायचं. ते उघडलं तेव्हा आत पोत्यांची थप्पी होती आणि पोत्यांमधून बारीक पीठ गळत होतं. भुंगे. रानातल्या झाडांचं बी दर उन्हाळ्यात डोंगरातल्या लोकांकडून गोळा करून आणायचं, पोत्यात भरायचं, पत्र्याखाली ठेवायचं, पेरायचं, उगवलं नाही की फेकायचं आणि पुन्हा नवं मागवायचं, असा तिथला रिवाज होता. बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा, हिवराच्या वाकड्या शेंगा, सागरगोट्यांचं एक पोतं. मी विचारलं, हे पेरत का नाही? एक बाई म्हणाली, "ते निंघत नही." जणू दगडच पेरायला सांगितला होता.

दगडासारखंच होतं ते. बहाव्याचं बी दाताखाली धरलं तर दात दुखतो. वरचं कवच इतकं घट्ट की पाण्याचा थेंब आत शिरत नाही. ते मेलेलं नसतं, निजलेलं असतं. रानात ते असंच पडून राहतं. वर्षं जातात, ऊन, थंडी, गुरांचे पाय आणि वाळवी यांनी कवच झिजतं, आणि मग एखाद्या पावसाळ्यात ते जागं होतं. अवेळी सर येऊन गेली म्हणून ते फसत नाही. कॉलेजात मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. इथं मुठीत धरून बघितलं तेव्हा मला त्या बियांचा आदर वाटला, आणि माणसांनी त्यांची पोत्यात घालून जी दशा केली होती तिचा संताप आला. डोंगरातली माणसं उन्हात हिंडून हे गोळा करत होती, आणि इथं ते भुंग्यांना खाऊ घातलं जात होतं.

आधी मी साठवण दुरुस्त केली. शेंगा फोडून घेतल्या. बी पाण्यात टाकलं, तरंगलं ते पोकळ म्हणून फेकलं, बुडालं ते सावलीत खडखडीत वाळवलं. मग चुलीची राख चाळून तिच्यात ते मिसळलं, वर लिंबाचा वाळला पाला घातला आणि डालड्याच्या रिकाम्या डब्यांत भरून झाकणाच्या कडेनं मेण लावलं. डबे पत्र्याखाली ठेवले नाहीत. खानदेशातल्या उन्हाळ्यात त्या गोदामात भाकरी भाजली असती. ते इंजिनाच्या खोलीत नेले, विहिरीकडच्या भिंतीला लावून. तिथं हात लावला की भिंत गार लागायची.

उगवण मात्र साधेना. मी बहाव्याचं बी पाण्यात उकळलं. ते टरारून फुगलं, मला वाटलं जमलं. चार दिवसांनी त्याला आंबूस वास सुटला.

अक्कानं डबा हुंगला. "बठ्ठं सडी गे," ती म्हणाली. "आते भाजी कर येनी."

बायका हसल्या. मग मी हमरस्त्यावरच्या गॅरेजातून बॅटरीचं ॲसिड आणलं. त्यानं बियांना काही झालं नाही, माझ्या ओढणीला मात्र भोकं पडली. त्या आठवड्यात घरी गेले तेव्हा आईनं ओढणी पाहिली आणि आबांकडे पाहिलं. आबांनी काही न विचारता आपल्या हत्यारांच्या पेटीतून एक जुनी कानस काढून दिली. मी जेवताना बडबडत होते ते त्यांनी ऐकलं होतं.

कानशीनं मी एकेका बीच्या कडेला जराशी खरड काढली. कोंब असतो ती बाजू सोडून, फक्त आतला पांढरा भाग दिसेल एवढी. रात्रभर पाण्यात ठेवलं. सकाळी बी दुप्पट झालं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळलं, आणि काही दिवसांनी गोणपाट उलगडलं तर प्रत्येकातून एक पांढरं नाक बाहेर आलेलं.

पण कानस एक आणि बी पायलीभर. मग आम्ही गोदामापुढच्या खडबडीत ओट्यावर ओली वाळू पसरून बी गोणपाटाखाली चोळायला लागलो. पहिल्या दिवशी अक्कानं असा जोर लावला की निम्म्या बिया फुटल्या. मी ओरडले तिच्यावर. ती चिडून उठून गेली, आणि दुपारी परत येऊन हलक्या हातानं चोळायला लागली. सागरगोट्याला चोळणं पुरेना, तो कानशीनंच घासावा लागायचा. हिवराचं बी आम्ही शेळ्यांच्या वाड्यातून आणलं. शेळ्या शेंगा खातात, रवंथ करताना कडक बी थुंकून टाकतात, आणि ते इतरांपेक्षा लवकर उगवतं. पदवीधर बाई शेळ्यांच्या लेंड्या उकरतेय हे बघायला वाड्याची मालकीण शेजारणींना बोलावून आली होती.

थंडी सरली आणि वाफे हिरवे झाले. एका सकाळी मी फाटकातून आत येत होते तर अक्का वाफ्याशी वाकून उभी. पिशव्यांमधून बहाव्याची जाडजूड दोन-दोन पानं माती डोक्यावर घेऊन वर आली होती.

"निंघनं व," ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. "दख. बठ्ठं निंघनं."

त्या दिवशी आम्ही जेवायला शेजारी बसलो. तिनं मला तिच्या डब्यातली मिरचीची चटणी दिली. माझ्या डब्यातलं तिनं काही घेतलं नाही. तरी मी त्या दिवशी आनंदात होते, आणि आनंदात असले की माणूस असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष करतं.

उन्हाळा संपत आला तसे साहेब आले. जळगावहून महिन्याकाठी एकदा जीपनं यायचे. पांढरा शर्ट, गॉगल, हातात रुमाल. आधीच्या फेरीत त्यांनीच वाफे बघून "अरे वा" म्हटलं होतं आणि रोपांपाशी उभं राहून फोटो काढून घेतला होता. या वेळी ते वाफ्यांकडे न बघता सावलीत उभे राहिले.

"या पिशव्या रिकाम्या करून घ्या," ते म्हणाले. "सुबाभळीचं बी येतंय. जुलैच्या आत रोपं तयार दाखवायची आहेत."

मला वाटलं, पिशव्यांत रोपं आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नाही. म्हटलं, "साहेब, या भरलेल्या आहेत. यांत बहावा आणि हिवर आहे. कडेला सागरगोटा."

"तेच सांगतोय. ते काढा आणि नाल्यात टाका."

"रोपं पावसाळ्यात लावता येतील, साहेब. इथल्या मुरमाड जमिनीत तीच टिकतात."

"टिकून काय करायचंय? हिवर कोण मागतंय? काटे मोजायला? बहावा वर्षभरात गुडघ्याएवढाही होत नाही. सुबाभूळ माणसाएवढी होते. फोटोत दिसते."

"मग नव्या पिशव्या मागवा."

ही वाक्यं मी शांतपणे बोलत होते. निदान मला तसं वाटत होतं. त्यांनी गॉगल काढला.

"पिशव्या तुमच्या वडिलांच्या आहेत का?"

बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. मी म्हटलं, "हे बी उगवत नाही असं तुमच्याच लोकांनी ठरवलं होतं. आम्ही ते उगवून दाखवलं. ते नाल्यात टाकायचं तर कारण तरी सांगा."

साहेब हसले. आवाज चढवला नाही त्यांनी. सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मात्र ठेवला. "सवलतीत डिगरी मिळाली की हेच होतं," ते म्हणाले. "माणसाला वाटतं आपण शास्त्रज्ञ झालो. बाई, तुम्हाला इथं ठेवून घेतलंय हे उपकार समजा."

माझे कान पेटले. आणि मी काय म्हणावं, तर म्हणाले, "मला पहिला वर्ग आहे, साहेब."

या वाक्याचा मला आजही राग येतो. त्या माणसापुढे मी माझे मार्क का ठेवले? काठावर पास झाले असते तर त्याला तसं बोलायचा हक्क मिळाला असता का? पण त्या क्षणी तेच तोंडून गेलं, आणि ते ऐकून तो आणखी हसला.

मी अक्काकडे पाहिलं. तिच्या तोंडाला कुणी लागायचं नाही. मागच्याच महिन्यात मजुरी उशिरा दिली म्हणून तिनं याच साहेबाला जीपमध्ये बसू दिलं नव्हतं. आता ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. तिनं मान वर केली नाही. एकीनंही केली नाही.

"टाकायचीच आहेत तर मी नेते," मी म्हटलं.

"न्या की," साहेब जीपकडे जात म्हणाले. "पिशव्या सोडून न्या. पिशवी सरकारी आहे."

दुपारी मी एरंडोलच्या स्टँडवरून जळगावच्या गँगच्या ऑफिसात फोन लावला आणि आबांना निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी ते आले. गुजरातेत केळी उतरवून रिकामा परतणारा एक ट्रक होता, त्याचा ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा. फैजपूरकडे जाताना नशिराबाद वाटेतच लागतं. आबांनी बरोबर केळीच्या खोडाच्या सोपटांचा ढीग आणला होता, एस.टी.च्या टपावर टाकून. पहाटे आमच्या गावाजवळच्या एका बागेतून कापलेल्या खोडांची साल सोलून, ती पाण्यात भिजवून घेऊन आले होते. पिशवी नाही म्हटल्यावर मुळाभोवतीची माती कशात बांधायची याचा विचार त्यांनी येतानाच केला होता. साहेबानं काय म्हटलं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ऊन चढायच्या आत उरकू."

मला त्यांच्या शांतपणाचाही राग आला.

आम्ही दोघं कामाला लागलो. पिशवी उभी चिरायची नाही, उलटी करून रोप अलगद सोडवायचं, मातीचा गोळा न फुटता सोपटात गुंडाळायचं, सुतळीनं बांधायचं. वेळखाऊ काम. साहेबाच्या धाकानं बायका दुसऱ्या टोकाला माती चाळत होत्या. जराशानं अक्का उठली. आमच्यासमोर येऊन बसली आणि पहिली पिशवी उलटी केली. मग एकेक करून सगळ्याच आल्या. अक्काचा एकही गोळा फुटला नाही. माझे फुटत होते.

ट्रक भरत आला तेव्हा ती माझ्याजवळ आली. घामानं चिंब, हाताला कोपरापर्यंत माती.

"मी काल बोलनी नही," ती म्हणाली. "घरमा खानारं तोंड भलतं शेतंस. बोलतू तं कामवरथून काढी टाकता."

मी गोदामाच्या दाराशी गेले, माझ्या माठातून तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.

"पाणी पी, अक्का. सकाळपासून उन्हात आहेस."

तिनं तांब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तांब्याकडे. इतर बायका बघत होत्या.

"तीस नही लागनी माले," ती म्हणाली, आणि उरलेली रोपं उचलायला गेली.

तिला तहान नव्हती, मग ते पाणी मी बहाव्याच्या मुळांवर ओतलं. ट्रक सुरू झाला तरी ती मागे उभं राहून फळकं नीट लागलंय का बघत होती. या बाईवर रागवावं की नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तिनं माझी रोपं वाचवली, हे खरं. माझ्या हातचं पाणी ती प्यायली नाही, हेही खरं. लोक मला म्हणतात, त्या काळी असंच होतं. मी म्हणते, काळ काय करतो, माणसं करतात.

सोमवारी मी कामावर गेले तर फाटकाला कुलूप नव्हतं, पण माझ्यासाठी काम नव्हतं. जीपच्या ड्रायव्हरनं तसं सांगितलं. मी इंजिनाच्या खोलीत गेले आणि मेण लावलेले डबे एका पोत्यात भरले. कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नशिराबादला रोपं लावायला जागा एकच होती. आमच्या लोकांचं स्मशान वेगळं, गावाबाहेर, नाल्याच्या काठाला. तिथं सावलीचं एक झाड नव्हतं. उन्हाळ्यात कुणी गेलं की माणसं डोक्यावर उपरणं धरून उभी राहायची आणि म्हातारे तिथंच चक्कर येऊन पडायचे. वस्तीतल्या लोकांनी एका रविवारी खड्डे खणले. मुरूमच होता, टिकाव मारला की ठिणगी उडायची. आत बहावा आणि हिवर लावला, कडेनं सागरगोटा. सागरगोट्याला उलटे काटे असतात, तो वाढला की शेळीसुद्धा आत तोंड घालत नाही.

पावसानं साथ दिली. दिवाळीपर्यंत कुंपण कमरेला आलं. आणि तेवढ्यात पंचायतीतला एक सदस्य आबांना रस्त्यात गाठून म्हणाला, "भाऊ, आज झाडं लावता, उद्या हद्द सांगाल."

"स्मशानाची हद्द कुणाला हवीय?" आबा म्हणाले.

"आम्ही आपलं सांगून ठेवलं."

काही दिवसांनी सकाळी वस्तीतली एक म्हातारी ओरडत आली. शेजारच्या शेताकडचं कुंपण मुळासकट उपटून टाकलं होतं आणि आत गुरं सोडली होती. मी पळत गेले. बहाव्याची रोपं खुरांखाली मोडून पडली होती. काहींचे शेंडे खाल्लेले. हिवराला गुरांनी तोंड लावलं नव्हतं, पण चेंगरला होता. उपटलेला सागरगोटा नाल्यात फेकला होता. म्हणजे साहेबानं सांगितलेल्या जागीच तो शेवटी पोचला, फक्त चाळीसेक किलोमीटर पलीकडच्या दुसऱ्या नाल्यात.

"पोलिसात जाऊ," मी आबांना म्हटलं. "कुणी केलंय ते सगळ्या गावाला माहीत आहे."

"जाऊ," ते म्हणाले, आणि गेले. मी बरोबर होते. ठाण्यातल्या माणसानं विचारलं, झाडं कुणाची? आम्ही म्हटलं, वस्तीची. लावायची परवानगी? ती नव्हती. मग नुकसान कुणाचं झालं, असं त्यानं विचारलं. खरंच कळत नसल्यासारखं विचारलं. आबा "बरं" म्हणून उठले. परत येताना मी वाटभर बोलत होते, ते गप्प होते.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर भडकले. "तुम्हाला राग येत नाही का हो?" मी विचारलं. "तो साहेब बोलला, गप्प. हे गुरं सोडतात, गप्प. कधी येणार आहे तुम्हाला राग?"

त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "तुला काय वाटतं, डांबराच्या धुरात तीस वर्षं मी आनंदानं उभा राहिलो? डबे उघड. कानस कुठंय?"

त्या हिवाळ्यात मी आणि आबा अंगणात बसून सागरगोटे घासत होतो. वस्तीतल्या बायका बहाव्याचं बी वाळूत चोळायच्या. राखेत ठेवलेलं बी सगळं शाबूत होतं, एकालाही भुंगा लागला नव्हता. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावलं. पुन्हा एका बाजूनं तोडलं. तिसऱ्या वर्षी लावलं तेव्हा तोडणारा कंटाळला किंवा त्याला दुसरं काही काम निघालं, मला माहीत नाही. त्याला पश्चात्ताप झाला असेल असं मात्र मी मानत नाही. उन्हाळ्यात पुष्कळ रोपं जळाली. जेवढी जगली तेवढ्यांची आता सावली पडते. बहावा पहिल्यांदा फुलला तेव्हा मी फैजपूरला होते. मधल्या काळात एम.एस्सी. आणि बी.एड. करून तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले होते.

नव्वदीच्या मध्याला वारं फिरलं. सुबाभळीला सगळे कंटाळले, आणि गावोगावच्या साहेबांना एकदम देशी झाडं आठवली. बहावा तर शोभेचा म्हणून रस्त्यांच्या कडेला हवाच होता. पण तो उगवत नव्हता. मी वर्गात मुलांकडून बी रुजवून घेते हे कुणाच्या तरी कानावर गेलं, आणि मला धुळ्याला बोलावणं आलं. रोपवाटिकांच्या कर्मचाऱ्यांचं शिबिर होतं, त्यात रानबियांची साठवण आणि उगवण यावर बोलायचं.

मी डबे, कानस, वाळू, गोणपाट सगळं घेऊन गेले. सभागृहात शिरले तर व्यासपीठावर मधल्या खुर्चीत तोच साहेब. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, गळ्यात हार. आता मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं मला ओळखलं. उठून माझी ओळखही त्यानंच करून दिली.

"मॅडम आमच्याच खात्यात घडल्या," तो माइकवर म्हणाला. "सुरुवात आमच्याच एका रोपवाटिकेतून झाली त्यांची. तेव्हाच त्यांच्यातली चमक मी हेरली होती."

टाळ्या पडल्या. माझे कान गरम झाले. मी माइकपुढे गेले, आधी काम केलं. बी कसं वाळवायचं, राख किती, डबा कुठं ठेवायचा, कवच कुठं घासायचं आणि कुठं नाही. समोरची माणसं लक्ष देऊन ऐकत होती. त्यांच्यावर माझा राग नव्हता. सगळं दाखवून झाल्यावर मी म्हटलं, "आता एक गोष्ट सांगते. ही पद्धत मी एरंडोलच्या रोपवाटिकेत शिकले, आणि तिथं उगवलेली सगळी रोपं नाल्यात टाकायला सांगितलं गेलं होतं. हे साहेब इथं बसलेत, त्यांनीच सांगितलं होतं. मी विरोध केला तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, सवलतीत डिगरी मिळालेल्यांना आपण शास्त्रज्ञ आहोत असं वाटतं. त्याच आठवड्यात मला कामावरून काढलं. साहेब, हे तुम्हाला आठवतं का?"

सभागृहात पुढच्या रांगेतल्या एकानं मान खाली घातली. साहेबानं माइक स्वतःकडे ओढला आणि तो हसला. अगदी तसाच.

"मॅडम पहिल्यापासून विनोदी आहेत," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले, सुटका झाल्यासारखे. सूत्रसंचालन करणाऱ्यानं चहा आल्याचं जाहीर केलं, आणि खुर्च्या सरकू लागल्या. एक तरुण कर्मचारी माझ्याकडे आला. मला वाटलं तो त्या गोष्टीबद्दल काही बोलेल. त्यानं विचारलं, राख लिंबाच्या लाकडाचीच हवी का. मी म्हटलं, कोणतीही चालेल, फक्त चाळून घे.

चहा न घेता मी स्टँडवर आले. जळगावची गाडी उभी होती, खिडकीची जागा मिळाली. पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्याला उत्तर देत होते. एकाहून एक चांगली उत्तरं सुचत होती, चोख, बिनतोड. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "काही म्हणालात का?" मी नाही म्हटलं. मी खरंच काहीतरी मोठ्यानं बोलत होते.

मला पुन्हा कुणी शिबिराला बोलावलं नाही.